निधीसाठी गोल्फ आउटिंग की जॅझची संध्याकाळ?

न्यूअर्कमधल्या एका छोट्या आफ्टर-स्कूल संस्थेत मी शनिवारी मुलांना गणित शिकवायला जातो. एडिसनहून जायला अर्धा तास लागतो, पार्किंग मिळालं तर. इकडच्या गणेशोत्सवात मी पावतीपुस्तक घेऊन फिरायचो हे कोणीतरी तिथे बोलून गेलं आणि माझी रवानगी थेट निधी समितीत झाली. तिथला वार्षिक वाद एकच, गोल्फ आउटिंग करायची, म्हणजे पैसे घेऊन पाहुण्यांना गोल्फ खेळवायचं, की जॅझची संध्याकाळ? दोन्ही करून झालंय. सध्या माझ्यासारख्याच कुठल्या तरी कमिटीत अडकला असाल, तर हे वाचा.

आधी पैशांचं बोलू. त्यात गोल्फ पुढे आहे, हे मान्य करून टाकतो. अठरा होल, प्रत्येक होलवर दोन फोरसम (चौघांचा एक गट), म्हणजे कोर्स भरला की 144 माणसं. शिवाय होलमागे स्पॉन्सरची पाटी, मलिगन (फसलेला फटका पैसे देऊन पुन्हा मारायची मुभा), पटिंगची म्हणजे चेंडू हलकेच होलात ढकलायची स्पर्धा, शेवटी सायलेंट ऑक्शन, म्हणजे कागदावर बोली लिहायचा लिलाव. मुख्य म्हणजे फोरसमचे पैसे बहुधा कंपनी भरते. गिऱ्हाइकाला घेऊन चार तास कार्टमधून फिरायला मिळणार असेल, तर त्या चेकवर सही करताना कोणाचा हात अडत नाही. जॅझचं तिकीट माणूस स्वतःच्या खिशातून काढतो. म्हणून "बघतो, कळवतो" म्हणतो आणि बहुतेक वेळा कळवत नाही.

पण ढोबळ आकड्यावर जाऊ नका. समजा, गोल्फचं तिकीट 200 डॉलरचं आहे आणि त्यातले 120 राउंड, कार्ट नि जेवणाचे. मग देणाऱ्याला करात सवलत मिळते ती उरलेल्या 80 वर. रक्कम 75 डॉलरच्या वर गेली की हे त्याला लेखी कळवणं संस्थेवर बंधनकारक असतं. आम्ही पहिल्या वर्षी पावत्या उशिरा पाठवल्या आणि एप्रिलपर्यंत फोन घेत बसलो. जॅझमध्येही जेवण वजा होतंच, पण क्लबच्या हिरवळीइतकं काही महाग नसतं. रॅफल, म्हणजे तिकिटांची सोडत, दोन्हीकडे करता येते. न्यू जर्सीत त्यासाठी राज्याकडे नोंदणी आणि गावाचं लायसन्स लागतं, तेवढं शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

पावसाबद्दल लिहीत नाही. जून महिना तुम्हीही पाहिलाय.

आता माझी खरी कुरकूर. तुम्हाला ती क्षुल्लक वाटेल. माझ्यासाठी मात्र निकाल तिथेच लागला.

आउटिंगला एका पार-थ्री होलवर, म्हणजे तीन फटक्यांत संपवायच्या छोट्या होलवर, गाडी उभी करतात. एका फटक्यात चेंडू आत टाकला की गाडी तुमची. त्याचा विमा काढलेला असतो आणि विमा कंपनीला होलजवळ साक्षीदार हवा असतो. गोल्फ न येणारा कमिटी मेंबर म्हणून छत्री घेऊन तिथे बसायचं काम माझ्याकडे आलं. सोबतीला बर्फाच्या पेटीपाशी आमच्याच वर्गातला अकरावीतला एक मुलगा. संस्थेचा टीशर्ट, अगदी इस्त्री केलेला. "पाहुण्यांना मुलं भेटली पाहिजेत" या हेतूने आम्हीच मुलांना होलाहोलांवर उभं केलं होतं. आपण कॉलेजला काय शिकणार ते पाहुण्यांना सांगायचं म्हणून त्याने चार वाक्यं पाठ केली होती.

एकेक कार्ट यायची. गाडीवरून थट्टा, फटका, चेंडू वाळूत, हशा. पाण्याची बाटली उचलायची आणि पुढे. त्या चार वाक्यांतलं पहिलंही त्याला पुरं करता आलं नाही. दुपारी एका भल्या गृहस्थाने रिकामी बाटली त्याच्या हातात दिली आणि वर दोन डॉलर ठेवले. तो क्लबचा पोऱ्या वाटला होता त्यांना. माणूस वाईट नव्हता. त्याच दिवशी सगळ्यात मोठा चेकही त्यांनीच दिला. पोरगं खुशीत मला नोटा दाखवायला आलं. मी "छान" म्हटलं, दुसरं काय म्हणणार?

घरी येताना टर्नपाइकवर तेच डोक्यात घोळत होतं. या देशात गरीब घरातली, विशेषतः काळी, कितीतरी मुलं गोल्फ कोर्सवर शिरली ती कॅडी म्हणूनच, खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहायला. त्यातून चांगलंही निघालं. गोल्फपटू चिक एव्हान्सच्या नावाची शिष्यवृत्ती 1930 पासून कॅडी मुलांना कॉलेजात पाठवते आहे. पण काळा गोल्फपटू चार्ली सिफर्डही लहानपणी शार्लटमध्ये कॅडीच होता, आणि पीजीए या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतलं फक्त गोऱ्यांनाच सभासद करण्याचं कलम निघायला 1961 साल उजाडलं. मुलांच्या नावाने पैसे गोळा करताना मुलगा पुन्हा त्याच जागी उभा राहिला आणि त्याला तिथे उभं करणारे आम्हीच, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

कोणी म्हणेल, यात गोल्फचा काय दोष? खरंय. खुद्द न्यूअर्कमध्ये वीक्वेइक पार्कात 1913 पासूनचा सार्वजनिक कोर्स आहे. 1997 मध्ये सुरू झालेल्या फर्स्ट टीसारख्या उपक्रमांत मुलांच्याच हातात गोल्फची काठी देतात. आउटिंग वीक्वेइकला करू, प्रत्येक फोरसममध्ये एक मूल घालू, असं मी सुचवून पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर कळलं की आउटिंग होते तो खासगी क्लबच पाहुण्यांना आतून बघायचा असतो.

जॅझच्या संध्याकाळीही डोकेदुखी कमी नाही. हॉलच्या पियानोचे सूर उतरलेले असतात. गाणी जाहीरपणे वाजवायला एएससीएपी-बीएमआय या हक्क सांभाळणाऱ्या संस्थांचं लायसन्स लागतं; ते हॉलकडे आहे की आपण काढायचं, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नसतं. मागची टेबलं गप्पा थांबवत नाहीत. आणि गल्ला, वर म्हटलं तसं, कमीच.

पण तिथे मुलं वाजवतात. आमच्या खेपेला चार भाडोत्री वादक आणि पाच मुलं होती, वाजवायला साधा ब्लूज. बारा बारचं (मात्रांच्या बारा गटांचं) आवर्तन, फिरत राहणारं. आल्टो सॅक्सवाली मुलगी सोलोत मध्येच हरवली. सूर सापडत होते, पण जागा कुठली ते कळत नव्हतं. बासवाल्या म्हाताऱ्याने न थांबता तिच्याकडे पाहिलं, हनुवटीने एक, दोन, तीन मोजलं आणि पुढच्या समेवर तिला अलगद आत घेतलं. भजनात बुवा नवख्या पेटीवाल्याला सांभाळून घेतात, अगदी तसं. मागच्या टेबलांवर काही शांतता पसरली नाही. पण सेट संपल्यावर तीन-चार माणसं आपणहून तिच्यापाशी गेली. कुठे शिकतेस, सॅक्सच्या तोंडाची रीड (पट्टी) कुठली वापरतेस, असं विचारत होती. ते दोन डॉलरवाले गृहस्थही त्यांत होते.

हे गावही त्या संगीताचंच आहे. जॅझ गायिका सारा व्हॉन 1924 मध्ये इथे जन्मली, सॅक्सवादक वेन शॉर्टर 1933 मध्ये. दोघंही इथल्याच आर्ट्स हाय या शाळेत शिकले. 1979 पासून इथूनच चालणारं डब्ल्यूबीजीओ रेडिओ स्टेशन दिवसरात्र जॅझ लावतं. ही ओळख मुलांना करून द्यावी लागत नाही. पाहुण्यांना मात्र तीच मुलं करून देतात.

तुमची आउटिंग वर्षानुवर्षं जमलेली असेल आणि तिच्यावर कोणाचा पगार निघत असेल, तर माझ्या नादाला लागून ती मोडू नका. ताळेबंद गोल्फच्याच बाजूने बोलतो. पण नव्याने सुरू करत असाल आणि थोडा कमी गल्ला चालणार असेल, तर मी जॅझकडे झुकेन. आमच्या कमिटीत यंदा एका मताच्या फरकाने तसंच ठरलं. ते एक मत कोणाचं, हे सांगायला नको.

आणि जॅझच ठरलं, तर मुलांचा सेट सुरुवातीला ठेवू नका, निम्मे लोक अजून पार्किंग शोधत असतात. जेवण झाल्यावर, डेझर्टच्या आधी ठेवा. डेझर्ट बाकी असलं की कोणी उठत नाही.