'बंद हॉटेलचा माल' म्हणून विकले जाणारे मिनी केग : पैसे पाठवण्याआधी वाचा

लहान केग, म्हणजे पेय दाबाखाली ठेवून नळातून काढायचं धातूचं पिंप, शोधताय आणि 'बंद पडलेल्या हॉटेलचा माल, 5 आणि 19 लिटर, स्टेनलेस, अर्ध्या किमतीत' अशी जाहिरात तुमच्या मोबाइलवर आली असेल, तर कृपया थांबा. आम्ही पैसे पाठवले. ते तर गेलेच, पण जो माल आला त्यात गॅस भरला असता तर कुणाचा तरी डोळा गेला असता. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

गुहागरला आमची खानावळ आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पर्यटक येतात, त्यांना कोकम सोडा आणि आल्याचा सोडा आवडतो. दर ग्लासाला सोड्याची बाटली फोडायची, उरलेलीतला गॅस उडून जायचा, हे परवडत नव्हतं. घरी बिअर करणारे लोक जे केग वापरतात त्यात सरबतच भरून, गार करून, वरून कार्बन डायऑक्साइड सोडला की नळातून फसफसणारं पेय येतं, हे माझ्या दिराने शोधून काढलं. 19 लिटरचा केग मुळात शीतपेयांच्या कंपन्या सिरप भरून हॉटेलांना पुरवण्यासाठी वापरत. त्या पुढे खोक्यातल्या पिशवीत सिरप भरून पाठवू लागल्या आणि जुने केग परदेशात घरगुती बिअरवाल्यांच्या हाती गेले. आपल्याकडे तसा जुना माल सहज मिळत नाही, नवा महाग पडतो. आमच्या फ्रिजमध्ये 19 लिटरचा मावतही नव्हता, म्हणून आम्हाला 5 लिटरचेच हवे होते.

विक्रेता मराठी बोलणारा, अत्यंत अदबीने. "वहिनी, घाई नाही, व्हिडिओ कॉलवर माल बघा." त्याने दाखवला तो केग अस्सल होता : लंबवर्तुळाकार झाकण, झाकणावर दाब सोडायचा व्हॉल्व्ह, वर गॅस आत जाण्याचं आणि पेय बाहेर येण्याचं अशी दोन तोंडं, अंगावर कोरलेला कमाल दाब. 5 लिटरचे 1,800 रुपयांना एक, असे चार ठरले, शिवाय एक गॅसचा सिलिंडर 'भेट'. अर्धे पैसे आधी, अर्धे ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल रवाना झाल्याची पावती, मिळाल्यावर. बिल्टी खरी होती, फोन करून खात्री केली, मग बाकीचे पाठवले. बिल्टी खरी असली तरी पेटीत काय भरलंय हे ट्रान्सपोर्टवाल्याला ठाऊक नसतं, आणि हा माणूस नेमका त्यावरच धंदा करतो.

चिपळूणच्या गोडाऊनमधून पेटी घरी आणून उघडली. तीन डबे पार्टीत एकदाच वापरून टाकायचे पत्र्याचे केग होते, मूळचं लेबल घासून त्यावर चंदेरी रंग मारलेला. या डब्यांना आतून पातळ लेप असतो. तो खरचटला की आंबट पेय थेट पत्र्याला भिडतं, आणि दाब जास्त झाला की तळ फुगतो. चौथा म्हणजे दुधाचा कॅन. झाकण वेल्डिंगने बंद केलेलं, त्यात दोन तोट्या बसवलेल्या, दाब सोडायला काहीही नाही.

तो चौथा डबा पाहून माझ्या अंगावर काटा आला. बिअरसारखी फसफस हवी असेल तर 4 अंशांवर गार केलेल्या पेयाला 10-12 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) दाब पुरतो. सोड्यासारखी झणझणीत हवी तर गारव्यातही 25 ते 30 लागतो. आणि आमच्याकडच्या उकाड्यात, वीज गेलेली असताना, तेच पेय भरलेलं भांडं बाहेर राहिलं तर आतला दाब आणखी चढतो. व्हॉल्व्ह नसलेल्या भांड्याला तेव्हा फाटण्यावाचून वाट नसते.

वेलदूरला बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे दीर तो कॅन घेऊन गेला. त्यांनी तो काठोकाठ पाण्याने भरला आणि हातपंपाने दाब दिला. चाचणी नेहमी पाण्यानेच करतात, कारण पाणी दबत नाही. भांडं फुटलं तर नुसतं गळतं, गॅससारखा स्फोट होत नाही. 20 पीएसआय गाठायच्या आतच वेल्डिंगच्या शिवणीतून पाण्याची चिळकांडी उडाली. काका म्हणाले, "ह्यात गॅस भरू नको रे बाबा. विकणाऱ्याला ठावं होतं हे."

धातूबद्दलही सांगते, कारण 'चुंबक चिकटत नाही, म्हणजे 304', म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील, असं विक्रेत्याने ठासून सांगितलं होतं. 202 जातीच्या स्वस्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याला लवकर गंज धरतो. भांड्यांच्या आणि भंगाराच्या व्यापाऱ्यांकडे तपासणीचं द्रव मिळतं. एक थेंब टाकून 9 व्होल्टची बॅटरी लावली की 202 वर लाल रंग येतो, 304 वर येत नाही. आमच्या कॅनवर लगेच लाल आला. चांगल्या स्टीललाही मीठ सोसवत नाही, त्यामुळे केगमध्ये आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, घालू नका, साखरेचं अमृत कोकमच वापरा.

'भेट' मिळालेल्या सिलिंडरच्या मानेवर एकही शिक्का नव्हता. भारतात गॅस सिलिंडरला 2016 च्या नियमांप्रमाणे पेसोची (स्फोटक पदार्थ आणि दाबाच्या भांड्यांची सुरक्षा पाहणारी केंद्र सरकारची संस्था) मान्यता लागते आणि तपासणीच्या तारखा त्याच्या अंगावर ठोकलेल्या असतात. भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये साध्या तापमानालाही 800 पीएसआयच्या वर दाब असतो. बिनशिक्क्याचा सिलिंडर फुकट मिळाला तरी घरात ठेवू नये. आम्ही ठेवला नाही.

पैसे परत मागितल्यावर त्याचा आवाजच बदलला. आधी त्याने क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करून पिन टाका, पैसे खात्यात येतील." पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे दिराला माहीत होतं. मग म्हणाला, "केग म्हणजे बिअरचं सामान. पोलिसात जाल तर उत्पादन शुल्कवाले तुमच्याच दारात येतील."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्याचा सगळा डाव यावरच उभा आहे. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि ती बनवण्याच्या हेतूने साधनं बाळगणं हाही. घरी बिअर करू पाहणारा माणूस या भीतीने तोंड उघडणार नाही, हे तो जाणतो. पण आमच्या घरात कोकम आणि आलं होतं. सरबतासाठी घेतलेलं भांडं बेकायदा होत नाही. आणि ज्याचा हेतू वेगळा असेल, त्यालाही फुटणारं भांडं विकणारा माणूस चोरच असतो.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, बँकेला व्यवहाराचे क्रमांक दिले आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर फोटो, बिल्टी, संभाषण सगळं चढवलं. त्याच्या खात्यातली काही रक्कम गोठवली गेली, बाकी त्याने आधीच काढली होती. ग्राहक आयोगाची तयारी चालू आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

त्याने पेटीबरोबर पाठवलेलं बिल हा मोठा पुरावा ठरला. पत्ता मुंबईचा, आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात 07 ने. पहिले दोन अंक राज्याचे असतात : महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30, दिल्लीचे 07. जीएसटीच्या पोर्टलवर शोधल्यावर तो क्रमांक भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. त्यामुळे बिलाचा फोटो पैशांआधी मागा, आणि प्रत्येक डब्याच्या झाकणाचा, आतल्या शिवणीचा आणि कोरलेल्या अक्षरांचा फोटो त्या दिवशीच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून मागा. आम्हाला दाखवलेला केग एकच होता, आणि तोही पेटीत नव्हता.

तीच जाहिरात आता दुसऱ्या नंबरावरून फिरते आहे. फोटोत हिरव्या फरशीवर चार केग ओळीने ठेवलेले आहेत, डावीकडच्याच्या मुठीचं रबर फाटलेलं आहे. दिसली तर स्क्रीनशॉट घ्या आणि 1930 ला कळवा.