घरी सांभाळणाऱ्यासाठी आठवड्याचे सहा तास : दीड वर्षाचा अनुभव

ह्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं त्याला आता नऊ वर्षं होतील. त्यातली साडेसात वर्षं मी एकटीने रेटली. मग एका संस्थेची सेवा सुरू केली. ती रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसासाठी आहे, म्हणजे माझ्यासाठी. आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास मदतनीस येतात, महिन्यातून एकदा आम्हा सांभाळणाऱ्यांची बैठक असते, रात्री फोन करायला एक नंबर आहे आणि दर तीन महिन्यांनी संस्थेच्या समन्वयक येऊन सांभाळणाऱ्यावरचा भार मोजणारी एक प्रश्नावली भरून घेतात. मला या शेवटच्या गोष्टीबद्दलच सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण सेवा निवडताना तिची चौकशी कोणी करत नाही. मीही केली नव्हती.

आधी रोजच्या कामाबद्दल. सध्याच्या मदतनीस ताई उत्तम आहेत. उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, आधी खुर्चीच्या कडेला सरकवायचं, पावलं मागे घ्यायला लावायची आणि मग पुढे झुकवायचं, हे त्यांनी मला शिकवलं. तोवर माझी कंबर कायम धरलेली असायची. दारातून जाताना ह्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. संस्थेच्या फिजिओथेरपिस्टने तिथे जमिनीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या आणि एकेक पट्टी ओलांडायला सांगितली. पट्टी दिसली की पाऊल उचललं जातं. इतकी साधी गोष्ट, पण साडेसात वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती.

तक्रार आहे ती माणसं बदलण्याची. पहिल्या सहा महिन्यांत चार जणी आल्या-गेल्या. त्यातल्या एकीने लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरची, गोळी चाळीस मिनिटं उशिरा दिली. या गोळीची वेळ काटेकोर पाळावी लागते. मी परत आले तेव्हा हे खुर्चीत ताठ होऊन बसले होते, बोलताही येत नव्हतं. त्यानंतर महिनाभर मी त्या तीन तासांत घराबाहेर पाऊल टाकलं नाही, आतल्या खोलीत कान देऊन बसायचे. संस्थेच्या अहवालात मात्र ते सगळे तास ‘दिलेले तास’ म्हणून जमा आहेत. तास किती दिले यावरून माझं काय झालं ते कळत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

आता प्रश्नावली. पहिल्या वेळी समन्वयकांनी बाहेरच्या खोलीत, ह्यांच्या समोरच प्रश्न विचारले. त्यांच्या वागण्याने तुम्हाला संकोच वाटतो का? त्यांचा राग येतो का? त्यांचं सगळं दुसऱ्या कुणावर सोपवावं असं वाटतं का? हे माझ्याकडे बघत होते. मी ‘कधीच नाही’, ‘क्वचित’ म्हणत गेले. गुणांची बेरीज आली २९; बेरीज जितकी जास्त तितका भार जास्त. तीन महिन्यांनी हे झोपलेले असताना स्वयंपाकघरात तेच प्रश्न आले आणि मी खरं ते सांगितलं. बेरीज ४९. कागदावर असं दिसलं की सेवा सुरू झाली आणि माझा भार वाढला! खरं तर त्याच तीन महिन्यांत मी कितीतरी दिवसांनी दुपारची सलग झोप घेतली होती.

मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे आकडा कुठून आला हे शोधल्याशिवाय मला राहवत नाही. ही प्रश्नावली स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी तयार केली. तेव्हा २९ प्रश्न होते, आता २२ वापरतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. साधारण ४० च्या वर गेलं की भार मध्यम ते तीव्र धरतात. प्रश्नावली चांगली आहे, पण ती भार मोजते. ह्यांचा आजार उतरणीचा, तो वाढणारच आणि त्याबरोबर भारही. सेवेने तो किती थोपवून धरला, हे नुसत्या बेरजेतून दिसत नाही.

हे मी बैठकीत बोलले आणि संस्थेने ते मनावर घेतलं, याचं मला फार कौतुक आहे. मागच्या वर्षी त्यांनी सांभाळणाऱ्यांसाठीची ‘अ‍ॅस्कॉट’ ही मुलाखतही सुरू केली. इंग्लंडमधल्या केंट विद्यापीठात तयार झालेली. तिच्यात सात गोष्टी विचारतात: वेळ कशात जातो, रोजच्या आयुष्यावर ताबा किती, स्वतःची काळजी, सुरक्षितता, माणसांमध्ये मिसळणं, स्वतःसाठी मोकळीक, आणि कुणाचा आधार व उत्तेजन मिळतं का. प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न असा: ही सेवा नसती तर काय असतं? स्वतःच्या मोकळिकीच्या प्रश्नाला हा जोडप्रश्न आला तेव्हा मला बोलता येईना. समन्वयक गप्प बसून राहिल्या, घाई केली नाही. माझ्या दीड वर्षाचा हिशेब त्या एका उत्तरात आला, तो कुठल्या बेरजेत आला नव्हता.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. झरिट यांच्या त्या पहिल्या अभ्यासात रुग्णाच्या वागण्याच्या अडचणी किती आहेत, याचा सांभाळणाऱ्याच्या भाराशी संबंध दिसला नव्हता. जिथे इतर नातेवाईक जास्त वेळा भेटायला येत होते तिथे भार कमी होता. अभ्यास लहान होता, २९ जणांचा. पण माझ्या घरी मी तेच पाहिलं. समन्वयकांनी एकदा माझे दीर आणि नणंद यांना बोलावून तासभर बसवलं, माझा दिवस कसा जातो ते मला मोठ्याने सांगायला लावलं आणि दर रविवारी कोण येणार ते तिथेच ठरवून घेतलं. आता दीर येतात, ह्यांची दाढी करतात, दोघं भाऊ जुन्या गोष्टी काढून हसतात. सेवेतलं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं काम हेच. अहवालात त्याची नोंद ‘कौटुंबिक बैठक : १’ एवढीच.

रात्रीचा फोन मी दोनदा केला, दोन्ही वेळा लगेच उचलला.

पाचपैकी चार तारे. मदतनीस टिकवल्या तर पाचवाही देईन. आणि ही किंवा अशी कुठलीही सेवा घेणार असाल तर पहिल्याच भेटीत सांगा: प्रश्न मला एकटीला विचारा. माझी ती २९ ची नोंद अजून फायलीत आहे. तिच्याशेजारी ‘रुग्णासमोर घेतलेली’ एवढा शेरा लिहून घ्यायला मला दोन पत्रं लिहावी लागली.