संदर्भांसह मराठी बायबल : पाच महिने वापरल्यावर

माझं माहेर नगरचं. लग्न होऊन इंदूरला आले त्याला ३१ वर्षं झाली. इथे आमच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत, त्यामुळे मराठी बायबल म्हणजे घरातलं सासूबाईंचं, पुठ्ठा सुटलेलं. नवं घ्यायला खजुरी बाजारात तीन दुकानं फिरले. हिंदी होतं, इंग्रजी होतं, मराठी नाही. शेवटी भाच्यानं पुण्याहून पाठवलं. टपालासकट हजाराच्या आत.

आधी तक्रारी. कागद इतका पातळ की मागच्या पानावरच्या ओळी पुढून दिसतात. समासातल्या संदर्भांचा, म्हणजे त्याच गोष्टीचं वचन आणखी कुठे आहे त्या नोंदींचा, टाइप मुंगीच्या पायाएवढा. मी भिंगच जवळ ठेवते. खुणेची फीत दुसऱ्या महिन्यात निघाली.

पण पैसे वसूल होतात ते त्याच मुंगीच्या पायांत.

आमच्या फ्रिजवर कॅलेंडरातून कापलेलं वचन आहे, यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अध्याय २९, वचन ११. देवाच्या मनात आपल्या हिताचेच संकल्प आहेत, ते. मुलाची बारावी, ह्यांचं ऑपरेशन, प्रत्येक वेळी तेच. या बायबलात तो अध्याय उघडला तर बाजूला बारीक अक्षरांत दानीएल ९:२. उघडून पाहिलं. दानीएल, नंतरच्या काळातला संदेष्टा, यिर्मयाचंच लिखाण वाचत बसलाय आणि ७० वर्षांचा हिशेब करतोय! हे ७० कुठून आले म्हणून परत मागे आले, तर ते दहाव्या वचनातच : बाबेलची (बॅबिलोनची) ७० वर्षं भरली की देव लोकांना परत आणेल. अकरावं मला तोंडपाठ, दहावं कधी डोळ्यांखालून गेलं नव्हतं.

मग अध्याय पहिल्यापासून वाचला. ते पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा छातीठोक सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. आणि यिर्मया लिहितो ७०! घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणारे कितीतरी जण माघारी जाणारच नव्हते, आणि हिताचे संकल्प त्यांच्याहीसाठी होते. मुलाच्या इंग्रजी बायबलात ‘यू’ एकाला की अनेकांना ते कळत नाही. मराठीत अख्ख्या लोकांना ‘तुम्ही’ म्हटलंय. मी आपली एकटीच ते वचन घेऊन बसले होते.

‘रिटायर झालो की नगरला’ म्हणत मी कढीपत्तासुद्धा कुंडीत वाढवलाय. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, “मग लाव की अंगणात.” अजून लावला नाही.

बुधवारच्या अभ्यासात हे सांगितलं तेव्हा एक मावशी दुखावल्या. “म्हणजे फ्रिजवरचं काढून टाकू का?” म्हटलं, काढू नका, वर दहावं पण लिहा. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

एक वचन वाचून डबे भरायला लागायचं असेल तर हे घेऊ नका. पंधरा मिनिटं म्हणून बसता आणि तास जातो. माझं दूध दोनदा उतू गेलंय. मोठ्या टाइपात निघालं तर मी पुन्हा घेईन. सध्या पाचपैकी चार. आणि खुणा पेन्सिलीनंच करा. बॉलपेननं केलेली माझी खूण यिर्मयाच्या पुढच्या पुस्तकापर्यंत, विलापगीतापर्यंत, उमटली आहे.