जोसमचं पॅकेज: डेबियनच्या पद्धतीने की तयार जार?

जोसम, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचा (ओएसएम) नकाशा संपादित करायचं जावातलं सॉफ्टवेअर, आपल्या डिस्ट्रोसाठी (लिनक्सच्या वितरणासाठी) पॅक करायचं ठरवलंय, पण सगळं सोर्सपासून बांधायचं की जोसमच्या टीमने बांधलेली जार (जावा प्रोग्रामची तयार फाइल) तशीच डेबमध्ये (डेबियनच्या पॅकेज फाइलमध्ये) किंवा फ्लॅटपॅकमध्ये (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या, बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या पॅकेजमध्ये) घालायची इथे अडला असाल, तर मी दोन्ही करून बघितलंय.

डेबियन या डिस्ट्रोची पद्धत मला मनापासून पटते. सोर्ससोबत आलेल्या जार काढायच्या, प्रत्येक लायब्ररी वेगळ्या पॅकेजमधून घ्यायची. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे२ या जावा लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा याचा फायदा कळला, डिस्ट्रोत एक पॅकेज अपडेट केलं की त्यावर चालणारं सगळं सुधारतं, आणि जारच्या पोटात लायब्ररी भरलेली असेल तर एकेक ॲप उघडून शोधत बसा. शिवाय जोसम अजून अँट या जुन्या बिल्ड टूलवर बांधतात, म्हणजे ऑस्मोसिस या ओएसएमच्याच दुसऱ्या टूलसारखी ग्रेडल या नव्या बिल्ड टूलची भानगड नाही, डेबियनमधलं ग्रेडल वर्षानुवर्षं ४.४.१ वरच आहे.

पण माझं गाडं अडलं ते पॅचवर, म्हणजे मूळ सोर्सवर आपण चढवलेल्या बदलांवर. जोसमची बिल्ड फाइल आयव्ही या टूलकडून नेटवरून लायब्रऱ्या ओढते, डिस्ट्रोच्या बिल्डमध्ये नेट नसतं, म्हणून पॅच मारून तिला सिस्टिममधल्या जारकडे वळवायचं. इथपर्यंत ठीक. मात्र जोसमचं टेस्टेड (तपासून जाहीर केलेलं) व्हर्जन साधारण महिन्याला येतं, आणि दरवेळी बिल्ड फाइलमध्ये चार ओळी हलल्या की पॅच बसत नाही, क्विल्ट (पॅच सांभाळायचं टूल) घेऊन परत रिफ्रेश करा, मग कळतं की त्यांनी लायब्ररी पुढची घेतलीय आणि आपल्याकडे मागचीच आहे. कंपाइल होतं हो, पण चालवल्यावर जिओटॅग केलेले फोटो उघडत नाहीत. जोसमच्या टीमला बग कळवला की पहिला प्रश्न येतो, आमच्या जारवरही असंच होतं का? प्रश्न अगदी रास्त आहे, कारण त्यांनी तपासलेलं सॉफ्टवेअर आणि आपण दिलेलं सॉफ्टवेअर एक राहिलेलंच नसतं.

यात गेलेला वेळ शेवटी मॅपरला, म्हणजे नकाशा काढणाऱ्याला, भोवतो. ओएसएमने २०२४ मध्ये लॉगिनची जुनी पद्धत ओऑथ १.० बंद केली, जोसममध्ये ओऑथ २.० आलं २०२३ मध्ये. त्याच्या आधीचं व्हर्जन डिस्ट्रोच्या स्टेबल (स्थिर) आवृत्तीत गोठलं असेल तर माणूस दिवसभर रस्ते काढणार आणि अपलोडच्या वेळी अडकणार, हे मला फार लागतं.

त्यामुळे मी तरी तयार जारकडे झुकलोय. तुमच्याकडे जावा पॅकेजिंग करणारी दोन-तीन माणसं असतील, किंवा सगळं सोर्सपासूनच हवं अशी अट असेल, तर डेबियनची वाट चुकीची मुळीच नाही, आणि तिथे निदान बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी बांधलेली नवी व्हर्जन) तरी सांभाळा. एकटे असाल तर जार घ्या, म्हणजे नवं व्हर्जन आलं की व्हर्जनचा आकडा आणि चेकसम (फाइल बरोबर आहे का ते पडताळणारा कोड) बदलून काम होतं. फक्त डिपेंडन्सीत हेडलेस जेआरई (खिडक्या न दाखवणारी जावा) टाकू नका, त्यावर जोसम वापरतं त्या स्विंगची खिडकीच उघडत नाही. आणि फ्लॅटपॅक केलंत तर फोटोंच्या फोल्डरची परवानगी आणि ८१११ पोर्टवरचा रिमोट कंट्रोल (ब्राउझरमधून जोसमला सूचना पाठवायची सोय), दोन्ही स्वतः चालवून बघा मगच द्या.