पाइपच्या तोंडाशी बसवलेले बुश: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कार्यशाळेतल्या कॉम्प्रेसरचा एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) अधूनमधून पडू लागला, तेव्हा मी आधी मोटारीवर संशय घेतला. दोष निघाला तो लोखंडी कंड्युइट, म्हणजे वायरी नेणारा पाइप, जंक्शन बॉक्समध्ये (वायरी जोडण्याच्या पेटीत) शिरतो तिथे. हॅकसॉने कापलेल्या पाइपच्या आतल्या कडेला धार तशीच राहिली होती, आणि यंत्राच्या थरथरीने वायर तिच्यावर घासून तिच्या पीव्हीसी आवरणाला नखाएवढी चीर गेली होती; आतले तांबे स्पष्ट दिसत होते. ५०० व्होल्टच्या मेगरवर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या उपकरणावर) वाचन ०.२ मेगओहम आले. अशा सर्किटला किमान १ मेगओहम तरी मिळायला हवे. यंत्र बंद असताना ही अवस्था, मग चालू असताना तांबे पाइपला टेकत असणार, हे उघड होते.

त्यानंतर पाइपच्या १८ तोंडांना आट्यांचे नायलॉन बुश (धार झाकणाऱ्या गुळगुळीत कड्या), पत्र्याच्या पेट्यांमधल्या छिद्रांना रबरी ग्रोमेट (बाहेरून खाच असलेल्या, छिद्राच्या कडेत अडकणाऱ्या गोल कड्या) आणि पॅनेलच्या चौकोनी खाचेला कडेवर चढवायची प्लॅस्टिकची पट्टी बसवली. परवा सप्लाय बंद करून सगळे उघडून पाहिले.

नायलॉन बुशांबद्दल तक्रार नाही. एकही सैल झालेला नाही आणि वायरींवर ओरखडा नाही. मात्र बुश लावण्याआधी प्रत्येक तोंड आतून गोल कानशीने घासले होते, याचे श्रेय त्यालाही द्यावे लागेल. वायर ओढताना ती पाइपच्या दुसऱ्या टोकावरूनही घासत जाते. ते टोक तसेच सोडले, तर या टोकाच्या बुशाचा काय उपयोग?

ग्रोमेटांनी मात्र निराशा केली. तेलाचे शिंतोडे उडतात तिथले तीन ग्रोमेट फुगून मऊ झाले होते, आणि बोटाने दाबताच एक तर खाचेतून बाहेरच आला. साधे रबर तेलापुढे टिकत नाही हे ठाऊक असूनही मी हाताशी होते ते लावले, ही चूक माझीच. आता तिथे नायट्राइल रबराचे लावले आहेत. शिवाय ग्रोमेट घेताना मी फक्त छिद्राचा व्यास मोजला होता. पत्र्याची जाडी खाचेशी जुळली नाही, तर वायर ओढताच तो निसटतो, हे दोनदा अनुभवले.

कडेच्या पट्टीचे दोन्ही सांधे मी कोपऱ्यांवर आणले होते. तिथेच ती उघडली आणि धार पुन्हा मोकळी झाली. सांधा सरळ बाजूच्या मध्यावर घेऊन एकच अखंड तुकडा बसवल्यापासून ती हललेली नाही.

उरली लवचीक धातूच्या आवरणाची केबल. तिचे आवरण कापले की शेवटच्या वेढ्याचे टोक आतल्या बाजूला वळून सुरीसारखे उभे राहते, म्हणून आवरण आणि वायरी यांच्यामध्ये लाल रंगाचा छोटा बुश सरकवावा लागतो. दिसायला क्षुल्लक वस्तू, पण हाच भाग घाईत सर्वाधिक विसरला जातो. रंग भडक असल्याने कनेक्टरच्या खिडकीतून तो आहे की नाही हे कळते. माझ्या सहा जोडांपैकी एकात तो दिसलाच नाही. जोड उघडला तेव्हा बुश केबलवरून मागे सरकवून ठेवलेला सापडला, बहुधा मीच कापणी करताना बाजूला केलेला.