स्टार्टर्ससोबत काय घ्यावं: ब्रूट स्पार्कलिंग, सॉविन्यॉन ब्लां की रेड?

स्टार्टर्ससाठी वाइनची एकच बाटली घ्यायची म्हटलं की बरेच जण सवयीने रेड उचलतात, आणि मला ते खरंच पटत नाही. कारण स्टार्टर्समध्ये खारट, तळलेलं, चीज, काहीतरी आंबट असं सगळं एकाच ताटलीत येतं आणि त्या सगळ्याला पुरून उरते ती चांगला आंबटपणा असलेली गार वाइन. म्हणजे खरी स्पर्धा ब्रूट स्पार्कलिंग (बुडबुड्यांची, कमी गोड वाइन) आणि सॉविन्यॉन ब्लां (आंबटसर व्हाइट वाइन) यांच्यातच आहे.

तळलेलं जास्त असेल तर डोळे झाकून ब्रूट घ्या. स्क्विडची गरम कुरकुरीत रिंग खाल्ली की जिभेवर तेलाचा थर बसतो, वरून एक घोट घेतला की आंबटपणा आणि बुडबुडे मिळून तो साफ करतात आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. खारे बदाम, चिप्स, ऑलिव्ह यांच्यासोबतही हीच मस्त, कारण मिठामुळे वाइनचा आंबटपणा टोचत नाही. लेबल मात्र नीट बघा, ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते आणि एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे नावात ड्राय (गोड नसलेली) असून ती उलट जास्त गोड! शॅम्पेनच हवी असंही काही नाही. स्पेनची स्पार्कलिंग कावासुद्धा शॅम्पेनसारखी बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात आणि किमान ९ महिने तशीच ठेवतात. इटलीची स्पार्कलिंग प्रोसेको बहुतेक वेळा टाकीत बनते, त्यामुळे ती हलकी आणि फळांच्या चवीची, तळलेल्यापेक्षा हॅम आणि खरबुजासोबत छान. स्पार्कलिंगची एकच अडचण, उघडली की बुडबुडे लवकर जातात, दोघंच असाल तर ७५० मिलीची बाटली संपवायचं टेन्शन येतं.

सॉविन्यॉन ब्लां तिथे भारी पडते जिथे हिरवं आणि आंबट आहे. सॅलड, टोमॅटो, शतावरीचे कोंब, लिंबू पिळलेली कोळंबी. खाणं आंबट आणि वाइन त्याहून कमी आंबट असली की वाइन अगदी पाणचट लागते, इथे तो प्रश्नच येत नाही. गोट चीज असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही, फ्रान्सच्या लॉआर खोऱ्यात सान्सेरची सॉविन्यॉन ब्लां आणि तिथलंच गोट चीज ही जोडी उगाच जमलेली नाही. उरली तर झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस आरामात राहते. पण क्रीम किंवा बटरवालं काही असेल तर ही जरा बोचरी वाटते, तिथे शार्डोने ही दुसरी व्हाइट वाइन बरी.

रेड घ्यायचीच असेल तर पिनो न्वारसारखी हलकी घ्या, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून, आणि सोबत मशरूम किंवा कोल्ड कट्स (थंड मांसाचे काप). जास्त टॅनिनवाली (तोंड कोरडं करणारी, तुरट) रेड कॅबर्ने मात्र नको, स्मोक्ड सॅल्मनसोबत तोंडात लोखंडासारखी चव येते.

मिक्स ताटली असेल तर माझं मत ब्रूट कावाला. फक्त तिखट पदार्थ जास्त असतील तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि किंचित गोड, कमी अल्कोहोलची रीसलिंग ही व्हाइट वाइन आणा, कारण अल्कोहोल जितकं जास्त तितकी मिरचीची आग वाढते.