पाळी गेल्यावर हिरड्यांतून रक्त: साधी सफाई, खोल सफाई की फ्लॅप?

पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी मागेपुढे होते, थांबते, आणि त्याच सुमारास ब्रश करताना रक्त दिसू लागतं. इस्ट्रोजेन कमी झालं की हिरड्या नाजूक होतात, तोंड कोरडं पडतं, जबड्याचं हाडही विरळ होऊ शकतं. तरी मूळ कारण दातांवर साचणारा जंतूंचा थरच. पाळी जाण्याने त्याला मोकळं रान मिळतं. त्यामुळे नुसत्या हिरड्यांसाठी हार्मोनच्या गोळ्या घेण्यात अर्थ नाही.

काय करायचं हे ठरवण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: हिरडी दातापासून सुटून झालेले खिसे किती खोल आहेत? मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. डॉक्टर आकडे सांगत जातात, "तीन, दोन, तीन, पाच, सहा, पाच," आणि मदतनीस लिहून घेते. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे काळजी. न मोजता, एक्स-रे न काढता कोणी थेट ऑपरेशन सांगितलं, तर खुशाल दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं.

खिसे नाहीत, नुसतं रक्त येतं, तर साधी सफाई पुरते. काम बहुधा एका बैठकीत होतं. 'सफाईने दात हलतात' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. खरं तर हललेले दात किटणाने धरून ठेवलेले असतात. ते निघालं की हलणं जाणवतं.

खिसे चार-पाचचे असतील तर खोल सफाई. भूल देऊन हिरडीच्या आत, मुळावरचं किटण काढतात, दोन-चार बैठकांत. नंतर काही दिवस गार पाणी झोंबतं, सूज उतरल्याने दात लांब दिसतात. बायका इथेच घाबरतात, आणि पुढची बैठक राहून जाते. ती चुकवू नका. महिना-दीड महिन्याने पुन्हा मोजायचं. बहुतेकींचं काम इथेच भागतं.

फ्लॅप त्यानंतरच, तेही सहा किंवा जास्त खोलीचे खिसे उरले आणि रक्त येतच राहिलं तर. यात हिरडी उघडून साफ करतात, टाके घालतात, खर्च वाढतो. हाडं ठिसूळ झाली म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी किंवा झोलेड्रोनिकचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढण्याआधी किंवा फ्लॅपआधी ते सांगायलाच हवं. या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने हिरड्या फुगू शकतात, तेही सांगा. साखर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा.

आणि मिश्री. तंबाखूने रक्त कमी दिसतं, म्हणून बरं वाटतं. आत हाड झिजतच असतं. ती सुटली नाही तर तिन्ही उपचारांचा पैसा बराचसा वाया.

राहिला प्रश्न कुठे जायचं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात खर्च कमी, हिरड्यांचा वेगळा विभाग. पण रांग आणि हेलपाटे आलेच. हिंगोली-परभणीकडून एका सफाईसाठी तेवढं जाणं परवडत नाही. फ्लॅप लागलाच तर तिथे जा. दोन्ही सफाया मात्र गावाजवळच्या अशा डॉक्टरांकडे करा, जे खिसे मोजतात आणि ज्यांच्याकडे पुढे दर तीन-चार महिन्यांनी जाणं तुम्हाला जमेल.